पिकअप गाडी : कामाची आणि हौसेची

पिकअप गाडी पाहिली नाही, असा माणूस आज गावात शोधून सापडायचा नाही. पहाटे ती भाजी घेऊन बाजाराला जाते. दुपारी खताच्या गोण्या घेऊन परत येते. संध्याकाळी कुणाचे पत्रे, कुणाचे धान्य, कुणाच्या लेकीचे कपाट, असे काहीबाही वाहते. आणि जत्रा आली, लग्नाची तिथी आली, की हीच गाडी हौसेच्या कामाला जुंपली जाते.

पूर्वी बैलगाडीला जो मान होता, तो आज पुष्कळ गावांत या गाडीला आहे. बैलगाडीची नस आपल्याला ठाऊक होती. ओझे किती भरावे, कुठे भरावे, उतारावर काय करावे, हे लहान पोरसुद्धा सांगे. पिकअपची नस मात्र अनेकांना ठाऊक नसते. ती आज समजून घेऊ.

एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवा. या गाडीत दोन जागा आहेत. एक माणसाची आणि एक मालाची. दोहोंची अदलाबदल केली की घात होतो. का होतो, ते पुढे येईलच.

ही गाडी निघाली कशी?

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत फोर्ड कंपनीची साधी मोटार शेतकरी विकत घेत. पण मोटारीत माणसे बसणार. मका, बटाटे कुठे ठेवायचे? म्हणून कित्येक जण मोटारीचा मागचा भाग काढून टाकत आणि तिथे लाकडी खोका बसवत. हे पाहून १९२५ साली फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली गाडी विकायला काढली.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर अधिक गमतीची आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, असे सांगतात. रविवारी नवराबायकोला चर्चमध्ये जाता यावे आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजाराला नेता यावीत, अशी गाडी तिला हवी होती. ल्यू बँट नावाच्या तरुणाने तशी गाडी आखली. १९३४ साली ती बाजारात आली. पुढे काचा आणि दरवाजे असलेली बसायची बंद जागा, मागे मालाचा हौदा.

त्या बाईची मागणी नीट पाहा. तिला एकाच गाडीतून हौसही हवी होती आणि कामही हवे होते. पण डुकरांच्या जागी बसून चर्चला जाईन, असे काही ती म्हणाली नाही!

आपल्याकडे महिंद्रची बोलेरो पिकअप, टाटांची योद्धा अशा गाड्या दिसतात. त्यांच्याहून लहान टाटा एस ही गाडी २००५ साली आली. तिला लोकांनीच ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. नावे निराळी असली तरी रचना तीच. पुढे केबिन, मागे हौदा.

गाडीची अंगे

पिकअपच्या तळाशी लोखंडाचा भक्कम सांगाडा असतो. त्याला चासी म्हणतात. बैलगाडीची साटी जशी, तशी ही चासी. तिच्यावर पुढे केबिन आणि मागे हौदा बसवलेला असतो.

मागच्या चाकांच्या वर पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. त्या म्हणजे पाटे. ओझे पडले की पाटे दबतात. खड्डा आला की दबतात आणि पुन्हा उसळतात. पाटे आहेत म्हणून खड्ड्याचा दणका मालाला आणि चासीला कमी बसतो.

हौद्याच्या कडेच्या फळ्यांना फाळके म्हणतात. मागचा फाळका खाली सोडता येतो. त्यामुळे गोणी पाठीवरून थेट हौद्यात सरकवता येते. बऱ्याच गाड्यांचे बाजूचे फाळकेही उघडतात.

हे पाटे ओझ्यासाठी ताठ केलेले असतात. म्हणून रिकामी पिकअप खडबडीत रस्त्यावर फार उडते. शिवाय बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. हौदा रिकामा असला तर मागे वजन नसते. मग पावसाळ्यात चिखलात मागची चाके नुसती गरगर फिरतात. अशा वेळी जाणता ड्रायव्हर मागच्या चाकांच्या वर मातीच्या दोनचार गोण्या बांधून ठेवतो. चाक जमिनीला धरते आणि गाडी निघते.

काही गाड्यांत चारही चाकांना जोर देण्याची सोय असते. चिखलातून, नदीच्या वाळूतून, डोंगराच्या वाटेने जायला ती बरी पडते. पण अशी गाडी महाग असते आणि तेलही जास्त खाते. रोज डांबरी सडकेने बाजाराला जाणाऱ्याला तिची गरज नाही.

तीन आकडे वाचा

आता वाचायला आल्याचा उपयोग पाहा. प्रत्येक माल गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, म्हणजे आर. सी. वर, तीन आकडे असतात.

पहिला आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा.
दुसरा आकडा भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाचा. याहून जास्त वजन होता कामा नये.
तिसरा आकडा बसायच्या जागांचा.

हे आकडे गाडीच्या अंगावरही रंगवलेले असावेत, असा कायदा आहे. अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. पण आकडे तर आपण नोटेवर आणि फोनवर रोजच वाचतो.

आता हिशेब करू. समजा, रिकाम्या गाडीचे वजन १,६५० किलो आहे. भरलेल्या गाडीचे वजन २,९५० किलो लिहिले आहे. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरले १,३०० किलो. एवढेच ओझे ती गाडी वाहू शकते.

थांबा, हिशेब अजून संपला नाही. रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर आणि मालाचा मालक, दोघे मिळून १३० किलो धरा. मालासाठी उरले १,१७० किलो. म्हणजे पन्नास किलोच्या कांद्याच्या गोण्या बसल्या तेवीस. टोमॅटोचे क्रेट न्यायचे असले आणि भरलेला क्रेट बावीस किलोचा असला, तर क्रेट बसले त्रेपन्न.

लासलगावला कांद्याच्या आणि नारायणगावला टोमॅटोच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात. तिथे उभे राहून पाहिले तर पुष्कळ गाड्यांचे पाटे सपाट झालेले दिसतील. ज्याचे पाटे सपाट झाले, त्याचा हिशेब चुकला असे समजावे.

डोळ्याला फसू नका

ओझे डोळ्याने मोजता येत नाही. दोन उदाहरणे घ्या.

पहिले वाळूचे. हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे असे समजा. त्यात एक फूट उंच वाळू भरली तर सुमारे पन्नास घनफूट वाळू झाली. म्हणजे अर्धा ब्रास. डोळ्याला हौदा अर्धासुद्धा भरलेला वाटत नाही. पण त्या वाळूचे वजन दोन टनांच्या पुढे जाते! आपल्या उदाहरणातल्या गाडीला अर्धा फूट वाळू पुरे. तीही कोरडी. ओली वाळू त्याहून जड.

दुसरे कडब्याचे. कडबा कितीही रचला तरी वजन फारसे होत नाही. म्हणून लोक दोन पुरुष उंच रचतात. इथे वजनाची भीती नाही, उंचीची आहे. उंच गाडी वळणावर कलते. वारा आडवा लागला की ढकलली जाते. वरची तार ध्यानात राहत नाही, आणि तारेला कडबा लागून पेटलेली गाडी आपण कुठे ना कुठे ऐकलेली असते.

पाण्याची टाकीही फसवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. शिवाय अर्धी टाकी असली की पाणी हिंदकळते आणि वळणावर गाडीला ओढते. टाकी न्यायची तर घट्ट बांधून आणि सावकाश न्यावी.

ओझे कुठे ठेवावे?

इथे बैलगाडीची शिकवण कामाला येते. बैलगाडीत सारे ओझे मागे भरले तर काय होते? गाडी उलाळ होते. जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो.

पिकअपचेही तसेच. जड माल मागच्या फाळक्याजवळ रचला की मागची बाजू दबते आणि पुढची चाके हलकी होतात. वळवायचे काम पुढची चाकेच करतात. ती हलकी झाली की स्टेअरिंग फिरवूनही गाडी नीट वळत नाही. म्हणून जड माल केबिनच्या पाठीशी, खाली, आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा. हलका माल वर आणि मागे. मग ताडपत्री टाकून दोर आवळावा. चार मैल गेल्यावर उतरून दोर पुन्हा तपासावा. माल बसला की दोर सैल होतो.

जास्त ओझ्याने काय बिघडते?

“एवढ्या गोण्या तर रोज नेतो, काही झालं नाही,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नुकसान एका दिवसात दिसत नाही, हे खरे. पण ते होत असते.

पहिले नुकसान ब्रेकचे. चालत्या गाडीचा जोर ब्रेकला गिळावा लागतो. तो जोर उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये उतरतो. ओझे वाढले की उष्णता वाढते. घाट उतरताना ब्रेक सारखा दाबून ठेवला तर तो इतका तापतो की धरेनासा होतो. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकावा. इंजिन गाडीला मागे ओढून धरते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे.

दुसरे नुकसान टायरचे. जास्त ओझे, उन्हाळ्याची तापलेली सडक आणि कमी हवा, ही तिन्ही एकत्र आली की टायर फुटतो.

तिसरे नुकसान खिशाचे. २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला. जादा ओझ्याबद्दल वीस हजार रुपये दंड आणि जादा दर टनामागे दोन हजार रुपये, असे त्यात लिहिले आहे. वर जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. सात गोण्यांचे भाडे मिळवायला जाऊन असा दंड भरणे, हा कुठला व्यापार?

हौसेला कशी वापरावी?

गाडी काय नुसती राबायलाच आहे? नाही. हौसेलाही ती फार उपयोगी आहे.

बैलगाडा शर्यती आता पुन्हा होतात. महाराष्ट्राने त्यासाठी केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कायम केला. शर्यतीचे बैल पिकअपमधूनच घाटावर जातात. हौद्यात पेंढा अंथरावा, म्हणजे खूर घसरत नाहीत. बैल चढवायला फळी किंवा मातीचा उंचवटा वापरावा. बैल प्रवासाला धडधाकट आहे असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला बरोबर ठेवावा. आणि गाडी अशी हाकावी की उभ्या जनावराचा तोल जाणार नाही.

भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि सतरंज्या, जत्रेतल्या दुकानाचे सामान, वनभोजनाची भांडी, मंडपाचे बांबू, हे सारे हौद्यात सुखाने जाते. मुक्कामाला पोचल्यावर गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. मागचा फाळका खाली सोडला की बसायला बाकडे झाले. त्यावर स्टोव्ह नका पेटवू, पण भाकरी जरूर सोडा! उभ्या गाडीच्या हौद्यात रात्री मच्छरदाणी बांधून झोपताही येते.

ज्यांना कुटुंबासकट हिंडायचे असते, त्यांच्यासाठी डबल केबिनची पिकअप असते. तिच्यात पुढे दोन आणि त्यांच्या मागे तीन अशा पाच जणांना बसायला जागा आणि पट्टे असतात. मागे लहान हौदा असतो. महिंद्रची बोलेरो कँपर ही अशी गाडी आहे. परदेशी धाटणीच्या इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स याही आपल्या देशात मिळतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, थायलंड या देशांत अशा गाड्या फार. तिथे लोक आठवडाभर त्यांतून कामाचे सामान नेतात आणि सुटीच्या दिवशी तंबू, सायकली, मासे धरायच्या काठ्या टाकून कुटुंबासह निघतात. पण माणसांची जागा असते ती केबिनमध्येच.

वऱ्हाड आणि हौदा

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपल्या गावाकडे हौसेचा अर्थ पुष्कळदा असा होतो की, माणसे हौद्यात भरायची आणि निघायचे.

समजा, एका गावात लग्न आहे. वरबाप पिकअप ठरवायला येतो. ड्रायव्हर नाही म्हणतो.

“अरे, पंधरा तर माणसं. कांद्याच्या तेवीस गोण्या नेतोस की तू!” वरबाप म्हणतो.

“मामा, गोणी उभी राहत नाही,” ड्रायव्हर सांगतो. “गोणी वळणावर एका अंगाला धावत नाही. आणि गोणी पडली तर मी भरून देईन. माणूस कुठनं भरून देऊ?”

ड्रायव्हरचे बोलणे खरे आहे. पंधरा माणसांचे वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे वजनाच्या हिशेबात ती बसतात. मग अडचण कुठे आली?

पहिली अडचण उंचीची. गोण्या खाली पडून असतात. उभ्या माणसाचे वजन कमरेशी, म्हणजे हौद्याच्या कितीतरी वर असते. वजन वर गेले की गाडी कलंडायला सोपी. शिवाय वळणावर सारी माणसे एका बाजूला झुकतात, आणि वजनही एकदम तिकडेच जाते. घाटात नेमके हेच होते.

दुसरी अडचण धरायची. ड्रायव्हरने अचानक ब्रेक दाबला तर गाडी थांबते. पण हौद्यातला माणूस थांबत नाही. तो गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो. त्याला ना बाक, ना पट्टा.

तो किती जोराने आदळतो? ताशी चाळीस किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे वीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडणे. वेग साठ असला तर विहीर पंचेचाळीस फुटांची झाली. वेग दीडपट, पण विहीर दुपटीहून खोल. लेकराला मांडीवर घेऊन कुणी विहिरीत उडी मारील काय?

तिसरी अडचण नंतरची. ती मेलेल्याला नाही, मागे राहिलेल्याला भोगावी लागते. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस, यांचा विचार विम्याच्या कायद्यात केलेला आहे. पण माल गाडीत सहज किंवा भाडे देऊन बसलेल्या उतारूंचा त्यात समावेश नाही. अशा उतारूंच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. मग भरपाई कुणी द्यायची? गाडीच्या मालकाने. त्याच्याजवळ तरी काय असते? हप्त्यावर घेतलेली गाडी, आणि तीही मोडलेली. म्हणजे एका घरातला माणूस जातो आणि दुसऱ्या घराची जमीन जाते.

“पण मग गरिबानं लग्नाला जायचं कसं?” हा प्रश्न रास्त आहे. जवळचे गाव असेल तर एस. टी.ने जावे. वऱ्हाड मोठे असेल तर एस. टी.ची अख्खी गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात जाऊन दर विचारावा. तो वऱ्हाडातल्या माणसांत वाटून पाहावा. पुष्कळदा आकडा आपण समजतो तेवढा मोठा निघत नाही. रुखवत, भांडी, शिधा मात्र खुशाल पिकअपमध्ये टाकावा.

आपल्या वारीचेच उदाहरण घ्या. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर गाड्या असतात. त्यांत तंबू, भांडी, शिधा आणि वळकट्या असतात. वारकरी पायी चालतो आणि ओझे गाडीत जाते. मालाची जागा कोणती आणि माणसाची कोणती, हे दिंडीला कुणी शिकवावे लागले नाही.

कागदपत्रे

गाडी घेणाऱ्याने आणखी थोडे ध्यानात ठेवावे. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते. भरून साडेसात हजार किलोपर्यंतची माल गाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. पिकअप त्यात येते. गाडी धडधाकट असल्याचा फिटनेसचा दाखला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी घ्यावा लागतो. विम्याची आणि धुराच्या तपासणीची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

आता एवढे करा

ज्याच्या घरी गाडी आहे, त्याने आज आर. सी. काढून तीन आकडे वाचावे. वजाबाकी करावी. आपण रोज न्यायचा तो माल किती गोण्या बसतो, हे खडूने केबिनच्या आत लिहून ठेवावे. ज्याच्या घरी गाडी नाही, त्याने भाड्याची गाडी ठरवताना हेच आकडे विचारावे.

आणि तिसरा आकडा सर्वांनी पाठ करावा. गाडीत बसायच्या जागा तीन लिहिल्या असतील, तर माणसे तीनच. चौथा माणूस कितीही जवळचा असला, तरी त्याला सांगावे, “दादा, तू मागच्या एस. टी.नं ये. आम्ही तुझी वाट पाहतो.”

वाट पाहायला माणूस घरी सुखरूप पोचला पाहिजे. बाकी सारी हौस त्यानंतर.